सा कुठे धरायचा

खडकीत साप्रसच्या बाजूने सकाळी चालत निघालं, की कधीकधी लष्कराच्या भिंतीपलीकडून बँडवाल्यांचा सराव ऐकू येतो. सगळा बँड मिळून वाजवतो ते संचलनाचं वादन काय, २६ जानेवारीला टीव्हीवरही ऐकायला मिळतं. मला आवडतो तो त्याच्या आधीचा वेळ. प्रत्येक जण आपलं वाद्य घेऊन आपल्या झाडाखाली जाऊन उभा राहिला असावा, असा तो आवाज असतो. असावा म्हणायचं, कारण दिसत काहीच नाही. भिंत उंच आहे आणि वर काटेरी तार. एक क्लॅरिनेट एकच सूर दम संपेपर्यंत धरून ठेवतं, थांबतं आणि पुन्हा तोच सूर धरतं. कुठेतरी एक ट्रम्पेट तीन सूर नीट चढतं, चौथ्याला फाटतं आणि मुकाट्याने पहिल्यावर येतं. या सगळ्याच्या खालून एखादं जाडजूड पितळी वाद्य म्हशीसारखं हंबरत असतं. कुणाचं कुणाकडे लक्ष नाही, आणि कुणाला कुणाचा त्रासही नाही. गाण्याच्या आधीचं हे गाणं कुठल्याही कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापलं जात नाही.

बॉम्बे सॅपर्सचं केंद्र खडकीत आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे आणि काढणारे हे सैनिक. त्यांच्यातच ही वाजवणारी मंडळी. ती आधी आपल्या पलटणीत, आपल्याच उस्तादांच्या हाताखाली तयार होतात. त्यातल्या निवडकांना पुढे मध्य प्रदेशात पचमढीला पाठवतात. सैन्याची संगीताची शाळा तिथे आहे, १९५० पासून. तिथून बँडमास्तर होऊन परत यायचं. बँडच्याही तीन जाती: ब्रास बँड, पाइप बँड आणि मेसमधल्या समारंभांना वाजणारा जॅझ बँड. या तिसऱ्याचा न्यू ऑर्लिन्सशी संबंध बेताचाच. गिटार, कीबोर्ड, ड्रम्स, एखादा सॅक्सोफोन आणि साहेब लोकांच्या बायकांनी फर्माइश केलेली जुनी हिंदी गाणी. पण नाव जॅझच, आणि वाजवणारे ते अभिमानाने सांगतात.

खडकीचा स्वतःचा सूर कुठला, असा एक प्रश्न आम्हा क्लासच्या मुलींना फार वर्षांपूर्वी पडला होता. दारूगोळा कारखान्याचा भोंगा व्हायचा. तो एकदम वाजत नसे. खोल कुठूनतरी निघून घसरत घसरत वर यायचा, वर आल्यावर थोडा वेळ स्थिर राहायचा आणि तसाच खाली जायचा. त्याच्या मागोमाग रेंजहिल्सकडून सायकलींचे जथे निघायचे. एकीने ठरवलं, हा वरचा सूर पेटीवर शोधायचा. भोंग्याची वेळ धरून आम्ही पेटीशी बसलो. भाता मारला, भोंगा झाला, आम्ही पट्ट्या दाबत सुटलो. काळी चार दाबावी तर तो किंचित वर, पांढरीवर यावं तर किंचित खाली. आमच्या बाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. म्हणाल्या, "पेटीत नाहीत असे पुष्कळ सूर असतात गं. तो त्यातला." एवढं बोलून त्यांनी आम्हाला अलंकार म्हणायला बसवलं. श्रुती, सुराचं अंतर, पेटीचं बांधलेपण यांवर पुढे बरंच काही वाचलं, पण ते सगळं त्या एका वाक्याचं भाष्य वाटत राहिलं.

क्लास खडकी बाजारात होता. वर लाकडी माडीची खोली, खाली भांड्यांचं दुकान. घागर घेणारी बाई घागर बोटाच्या पेराने वाजवून घेते. त्यामुळे आमच्या ख्यालात मधूनच तांब्या-पितळेचे सूर येऊन पडायचे. भूपाची आळवणी चाललेली असताना खालून एखादी घागर बरोबर पंचमाला लागली, की आम्ही हसू दाबून एकमेकींकडे बघायचो. बाई दाबत नसत, सरळ हसत.

शिकायला कोण होतं? कारखान्यातल्या फिटरची मुलगी होती. रेल्वेत काम करणाऱ्यांची दोन भावंडं होती. एका तमिळ हवालदाराची मुलगी होती. तिचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आणि वऱ्हाडी जेवणापेक्षा तिखट. एक ख्रिस्ती मैत्रीण होती. ती रविवारी सेंट इग्नेशियसच्या चर्चमध्ये कॉयरमध्ये गायची आणि सोमवारी येऊन बाईंना विचारायची, "बाई, आपण सगळे एकच का गातो? थोड्यांनी खालचं गावं, थोड्यांनी वरचं." बाई म्हणायच्या, आधी एक तरी सगळ्यांचं एक येऊ दे. तिला ते पटलं नसावं. मला पटलं होतं. पण रविवारी सकाळी चर्चवरून जाताना चार आवाज चार वाटांनी जाऊन एका ठिकाणी येऊन मिळत, ते ऐकायला माझी पावलं सावकाश पडत.

आणि दर जूनला हजेरीवहीतली नावं बदलायची. छावणीतल्या गावाचा हा धर्मच आहे. लष्करातल्या बापाची बदली निघाली, की मुलगी अर्धा राग शिकून निघून जायची. तिला स्थायी आलेली असायची, अंतरा राहिलेला असायचा. बाई तिला वहीत अंतरा लिहून द्यायच्या, स्वरलिपीत, मात्रांच्या खुणांसह. जबलपूरला, अंबाल्याला, वेलिंग्टनला गेलेल्या त्या वह्यांचं पुढे काय झालं असेल? एखादीला तिथे गुरू भेटला असेल, एखादीने त्या वहीत वाण्याचा हिशेब लिहिला असेल. दोन्ही शक्य आहे, आणि वहीला दोन्ही चालतं.

आमच्यापुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा होत्या. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद आणि शेवटी अलंकार. पुणे-लोणावळा लोकलच्या स्थानकांसारखी ही नावं आम्हाला तोंडपाठ होती, आणि लोकलसारखंच बहुतेक जण अधल्यामधल्या ठिकाणी उतरायचे. परीक्षक बाहेरगावचे असायचे. ते कपाळाला आठ्या घालून विचारायचे, "दुर्गाचा आरोह म्हणा." आतल्या मुलीचा आरोह बाहेर रांगेत बसलेल्या सगळ्या जणी ओठांतल्या ओठांत म्हणून घ्यायच्या. आता दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे अशा क्लासांना नववीपर्यंत बरी गर्दी असते. काही जण याला नावं ठेवतात. मला वाटतं, गुणांसाठी का होईना, एका मुलाच्या कानावर वर्षभर भूप पडला. तो पुढे जाऊन कुठे, कशाला उपयोगी पडेल हे भूप सांगून जात नाही.

हे सगळं एवढं आठवायचं कारण माझा भाचा. तो कॅलिफोर्नियात असतो आणि सॅक्सोफोन शिकतो. बारावीनंतर तो नावाजलेल्या विद्यापीठात न जाता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात दाखल झाला, तेव्हा बहिणीने फोनवर ही बातमी सांगताना आवाज जरा खाली आणला होता. आमच्याकडे नातेवाइकांनी चौकशा केल्या. म्हणजे नक्की काय? रात्रशाळा का? मार्क कमी पडले का? मग तिने सगळ्यांना समजावलं. तिकडे असं असतं: फी बेताची, दार सगळ्यांना उघडं, दोन वर्षं तिथे काढायची आणि मग तिथले गुण घेऊन मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. एका कॅलिफोर्नियात अशी शंभरावर कॉलेजं आहेत. समजावून झाल्यावर सगळे "असं होय" म्हणाले. पण ते "असं होय" फार लांबलं नाही.

भाच्याला याचं काही नव्हतं. त्याच्या पत्रांत, म्हणजे त्याच्या व्हॉट्सॲपवरच्या लांबलचक बोलण्यांत, निराळीच माणसं यायची. कॉलेजच्या संध्याकाळच्या बिग बँडमध्ये त्याच्या उजव्या हाताला एक निवृत्त पोस्टमन ट्रॉम्बोन घेऊन बसतो. मागच्या रांगेत दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करणारी बाई ट्रम्पेट वाजवते. ती कुठेही जाणार नाहीये, कुठलीही पदवी घेणार नाहीये. ती दर वर्षी त्याच वर्गाला पुन्हा नाव घालते. भाचा म्हणाला, "मावशी, तिचा टाइमिंग सेन्स वेडा आहे. ती थांबते ना, तेव्हा सगळा बँड नीट होतो." मला आमची फिटरची मुलगी आठवली. तिचा गळा साधारण होता, पण ती टाळी देत असली की क्लासमधली एकही जण लय सोडत नसे.

तिकडचं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज निघालं ते इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात, १९०१ मध्ये, सहा विद्यार्थ्यांवर. हे वाचलं आणि मी जागची उठले. १९०१ हे साल आमच्या प्रारंभिकच्या मुलींनाही पाठ असतं. त्याच वर्षी ५ मे रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या पदरी राहून, गुरूच्या घरचं पाणी भरून जे मिळायचं, ते फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, कुणालाही मिळावं अशी ती खटपट. दोघांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही. पण एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना कुणाला तरी वाटलं, की विद्येचं एक दार रस्त्यावर उघडणारं असावं. खडकी बाजारातली भांड्यांच्या दुकानावरची खोली ही त्या लाहोरच्या शाळेची नात किंवा पणती लागते.

जॅझला स्वतःला शाळेत शिरायला बराच वेळ लागला. अमेरिकेत नॉर्थ टेक्सासच्या महाविद्यालयाने १९४७ मध्ये त्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा त्याला नाव दिलं 'डान्स बँड'. जॅझ हा शब्द पदवीवर शोभला नसता. आणि ज्यांनी ते संगीत मोठं केलं त्यांतले काही अशाच जवळच्या, स्वस्त कॉलेजांत बसून गेलेले. चेट बेकर काही काळ एल कमिनो कॉलेजात होता, एरिक डॉल्फी लॉस एंजेलिस सिटी कॉलेजात. भाच्याने ही नावं मला अशा थाटात सांगितली, जसे आम्ही लहानपणी भास्करबुवांचं नाव घ्यायचो.

भास्करबुवा बखल्यांचा जन्म १८६९ चा. खडकीचा दारूगोळा कारखानाही त्याच सालचा. या दोन गोष्टींचा काही संबंध नाही, पण खडकीकराला अशा गोष्टी लक्षात ठेवायची खोड असते. बुवा कीर्तनकारापाशी गायला लागले, मग बीनकार बंदे अली खाँसाहेबांकडे, बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे. प्रत्येक दारात गंडा, प्रत्येक दारात पुन्हा सा पासून सुरुवात. आणि एवढी दारं हिंडून आल्यावर त्यांनी पुण्यात १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, तो सगळ्यांना शिकता यावं म्हणून. म्हणजे गुरू बदलत पुढे जाणं आपल्याकडे नवं नाही. त्याचा दाखला तेवढा कुणी कागदावर देत नसे.

विनायकबुवा पटवर्धनांचंही तसंच. पलुस्करांचे हे शिष्य. त्यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांत पुणतांब्याचा एक मुलगा होता, रामचंद्र चितळकर. नागपूरला शंकरराव सप्र्यांकडेही शिकलेला. सिनेमात नट म्हणून नशीब काढू पाहून पुढे तो सी. रामचंद्र झाला. 'शहनाई' १९४७ चा, 'अलबेला' १९५१ चा. ग्वाल्हेर गायकीचे पलटे घोटलेल्या या माणसाने हिंदी सिनेमात ट्रम्पेट, बाँगो आणि स्विंग आणला. त्याच्या साथीला गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ होता, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत आणि मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग मानत.

या गोव्याच्या मंडळींची सुरुवातही कुठल्या मोठ्या संगीतशाळेत झाली नव्हती. गावच्या चर्चच्या शाळेत एक मास्तर असे, त्याला मेस्त म्हणत. तो पोरांना सोलफेज शिकवी, व्हायोलिन हातात देई आणि सणाच्या मासला वाजवून घेई. मग ही पोरं बोटीने किंवा रेल्वेने मुंबईला येत, धोबीतलावच्या भागात आपल्या गावाच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, पेटी ठेवत आणि ताजमहाल हॉटेलच्या बँडपासून सिनेमाच्या स्टुडिओपर्यंत कुठेही वाजवत. सेबॅस्टियन डिसूझा तर लाहोरच्या हॉटेलात बँड चालवून फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशनच्या गाण्यांना वाद्यवृंदाचा देह देऊन गेले. मेस्ताकडची पाच ओळींची वही आणि बाईंची स्वरलिपीची वही मुंबईच्या एकाच स्टुडिओत शेजारी शेजारी उघडल्या गेल्या, असं मी मनाशी चित्र काढते.

विनायकबुवांची आणखी एक गोष्ट सांगतात. गदगचा एक पोरगा १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घर सोडून पळाला. ग्वाल्हेर, लखनौ, रामपूर करत तो जालंधरला पोचला. तिथे विनायकबुवा भेटले. ते त्याला म्हणाले, इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. भीमसेन जोशी परत फिरले. या गोष्टीत मला भीमसेनांपेक्षा विनायकबुवांचंच कौतुक वाटतं. असला गळा समोर उभा असताना "माझ्याकडे ये" न म्हणता दुसऱ्याचं दार दाखवायचं, हे फक्त शिकवणाऱ्याला जमतं. गवयाला जमेलच असं नाही.

आमच्या बाईंनीही एकीला असं दार दाखवलं. मध्यमा झाल्यावर तिला म्हणाल्या, आता माझ्याकडे तुझ्यासाठी काही उरलं नाही, विद्यापीठात जा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. गाणं, नाच आणि नाटक तिथे गुरूपाशी बसून, पण पदवीच्या चौकटीत शिकता येतं. खडकीहून ते हाकेच्या अंतरावर. तिच्या लुनावर मागे बसून मी तिच्या सोबतीला गेले. रेंजहिल्सचा उतार, विद्यापीठ चौक, मग आत झाडंच झाडं. गणेशखिंडीतलं हे आवार एके काळी मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळ्यातलं घर होतं. त्याआधी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, या सगळ्या माळावर पेशव्यांची फौज हरली. आम्हाला यातलं त्या दिवशी काही सुचत नव्हतं. ती आत गेली, मी बाहेर अंगणमंचापाशी पायरीवर बसले. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "कुठे शिकलीस ते कुणी विचारलंच नाही. सा लाव म्हणाले." मग थोड्या वेळाने, लुना सुरू करताना, "बरा लागला गं."

मी पुढे गेले नाही. वडील कारखान्यातून निवृत्त व्हायचे होते, मी टिकाराम जगन्नाथ महाविद्यालयात कॉमर्सला गेले, पुढे बँकेत. याचं मला दुःख आहे का, असं लोक विचारतात, आणि आहे म्हटलं तर त्यांना बरं वाटेल हेही मला दिसतं. पण खरं सांगायचं तर मध्यमेला उतरलेल्या माणसांची एक निराळी जमात असते आणि मी तिच्यात सुखी आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात भारतीय बैठकीत, मागे, सतरंजीवर आम्ही असतो. तिहाई कुठे येऊन संपणार हे आम्हाला दोन आवर्तनं आधी कळतं. गाणारा अवघड जागेवरून सुखरूप उतरला, की आमच्या तोंडून जो आवाज निघतो तो टाळीच्या आधीचा असतो. आम्हाला ते गाता येत नाही. पण ते किती अवघड आहे हे माहीत आहे, कारण खडकीत एका खोलीत आम्ही त्याच जागेवर पुनःपुन्हा पडलो आहोत. वर व्यासपीठावर बसलेला माणूसही कधीतरी अशाच एका खोलीत होता. तिथे त्याच्या शेजारी कोण बसलं होतं? टाळी देणारी, ट्रॉम्बोन धरणारा, अंतरा अर्धा टाकून अंबाल्याला गेलेली. गाण्याचा कान एकट्याचा घडत नाही. तो या सगळ्यांच्या मधे घडतो आणि मग एक जण तो घेऊन पुढे जातो.

ती मैत्रीण ललित कला केंद्रात गेली तरी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरच्या गॅलरीत येऊन बसायची. तिथे शिकलेलं सांगायची, दाखवायची. एकदा तिने मला मूर्च्छनेचा खेळ दाखवला. भूपाचे पाच सूर घ्यायचे: सा, रे, ग, प, ध. सूर बदलायचे नाहीत, जागा हलवायच्या नाहीत. फक्त सा कुठे, ते बदलायचं. रिषभाला सा म्हटलं, की मेघाचे सूर मिळतात. गंधाराला सा म्हटलं, की मालकंस. पंचमावर जाऊन बसलं की दुर्गा, धैवतावर बसलं की धानी. तिने तंबोऱ्याची तार हलकेच वर चढवत हे गाऊन दाखवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. भूपासारखा भोळा राग, ज्याच्यावर आम्ही प्रारंभिकला बसायला शिकलो, त्याच्या पोटात मालकंस होता आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. तिला म्हटलं, हे बाईंनी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "आधी एक सा धरायला यायला हवा ना. मग तो हलवायचा."

हे मी भाच्याला सांगितलं, तर त्याला नवल वाटलं नाही. सी पेंटॅटॉनिकचे हेच पाच सूर तो रोज वाजवतो, म्हणाला, आणि खालचा बास बदलत राहतो. त्याच सुरांचा रंग दर चार मात्रांनी निराळा होतो. त्याने रेकॉर्डिंग पाठवलं. मी चष्मा काढून, डोळे मिटून ऐकलं. बास गंधारावर, म्हणजे त्याच्या भाषेत ई वर, उतरला आणि मला स्पष्ट मालकंस दिसला. लगेच फोन केला. "अरे, तिथे मालकंस आला!" तो म्हणाला, "कुठे? मी तर तेच वाजवत होतो." तेच तर म्हणते मी. पण मालकंस दिसतो न दिसतो तोवर बास हलला होता, आणि मला मधेच कुणी पाट काढून घेतल्यासारखं झालं. तो म्हणाला, हलायलाच हवं, नाहीतर कंटाळा येईल. मी म्हटलं, कंटाळा येण्याइतका वेळ तरी बस एका जागी. या वादाला अंत नाही आणि आम्हा दोघांनाही तो संपवायची घाई नाही.

सध्या त्याचे अर्ज भरणं चालू आहे. त्याच्याकडच्या विद्यापीठांची मुदत नोव्हेंबरअखेरची. त्याच सुमाराला इकडे मंडळाच्या परीक्षांचं सत्र येतं. बाजारातल्या त्या खोलीत आता बाईंची एक विद्यार्थिनी शिकवते आणि खाली भांड्यांऐवजी मोबाइलची कव्हरं मिळतात. परवा भाचा म्हणाला, निबंध लिहायचाय, आतापर्यंतचं शिक्षण कुठे आणि कसं झालं त्यावर. पोस्टमनचं लिहू का? मी म्हटलं, त्याचं आणि त्या ट्रम्पेटवाल्या बाईचंही लिही. मग सहज बोलता बोलता बाईंचं एक वाक्य सांगितलं, की सा एकदा धरला की सोडायचा नाही.

तो थोडा थांबला. म्हणाला, "पण मावशी, मग त्या बदली होऊन गेलेल्या मुलींनी काय करायचं?"

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणते, ते त्यांच्यापैकी एखादीलाच विचारायला हवं. तमिळ हवालदाराच्या मुलीचा पत्ता कुणाकडे मिळतो का, ते मी बघते आहे.